कोसा, करवत काठ आणि वेबसाइटचं पहिलं पान

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या आसपासच्या रानात ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर टसर रेशमाची अळी वाढते. ती स्वतःभोवती टणक कोष विणते आणि त्या कोषाला इथं सगळे कोसा म्हणतात. तुतीची अळी छपराखाली, ताटात वाढवता येते. टसरची अळी उघड्यावर, झाडावरच वाढते, म्हणून पक्षी आणि मुंग्यांपासून तिची राखण करायला माणसाला रानात राहावं लागतं. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत. पुढे कोष उकळणं, धागा ओढणं आणि माग, असा तो कोसा साडीपर्यंत पोचतो. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत, हे काम वाटलं गेलेलं आहे. या साखळीतल्या एखाद्या बचत गटाने, विणकराने किंवा कोसा विकणाऱ्या छोट्या दुकानदाराने वेबसाइट करायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोडिंग कोण करणार? माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. वेबसाइटमधला अवघड भाग म्हणजे तिच्यावर काय लिहायचं हे ठरवणं. ते ज्ञान कोसा हाताळणाऱ्या माणसाकडे आधीपासून आहे, संगणकाच्या पदवीतून ते मिळत नाही. तंत्राचा भाग खरोखर लहान आहे, आणि तो लहान ठेवण्यातच आरमोरीसारख्या ठिकाणच्या माणसाचं हित आहे.

वेबचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेब घडवली आणि ऑगस्ट 1991 मध्ये तिची माहिती संस्थेबाहेरच्या जगाला दिली. त्या पहिल्या वेबसाइटवर चित्रं नव्हती, रंगांची आरास नव्हती. होता तो मजकूर, आणि एका मजकुरातून दुसऱ्यात नेणारे दुवे. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र कुणालाही विनामोबदला वापरण्यासाठी खुलं केलं. त्याला वीस वर्षं झाली तेव्हा, 2013 मध्ये, तीच पहिली वेबसाइट जुन्या पत्त्यावर पुन्हा उभी करण्यात आली. ती आज साध्या मोबाइलवरही उघडते आणि वाचता येते. मजकुराला रूप देणारी सीएसएस नावाची वेगळी पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली ती 1996 च्या डिसेंबरात. म्हणजे मजकूर आधी आला आणि कपडे नंतर. नवशिक्याने हाच क्रम पाळला तर त्याचं निम्मं दडपण उतरतं. हा परिच्छेद, हे शीर्षक, हा दुवा एवढं ब्राउझरला सांगणारी एचटीएमएल ही खुणांची भाषा आहे. शाळेच्या वहीत शीर्षकाखाली रेघ ओढणाऱ्याला तिचं तत्त्व लगेच कळतं. शिवाय आज त्या खुणाही हाताने लिहाव्या लागत नाहीत. गुगल साइट्स किंवा 2003 पासून चालत आलेलं वर्डप्रेस यांसारखी साधनं टाइप केलेला मजकूर घेऊन त्याचं पान बनवतात.

मग सुरुवात कुठून करायची? वहीच्या एका पानावर गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहिण्यापासून. नागपुरातली किंवा पुण्यातली एक बाई कोशाची साडी घ्यायचा विचार करते आहे असं धरू. तिने कोसा हा शब्द ऐकला आहे, कापड हातात घेतलेलं नाही. तिला विचारायचं असतं: हे खरं टसर आहे का? रंग असा मधासारखा का, आणि दोन साड्यांत थोडा वेगळा का? धागा मधेच जाड का लागतो, तो दोष आहे का? घरी धुता येईल का? अळी मारूनच धागा काढतात का? किंमत किती, पोचायला किती दिवस, आणि फोन कुणाला करायचा? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर शहरातल्या वेब डिझायनरकडे नसतं. मजकूर मागितला की तो एक तयार वाक्य देतो, ‘आम्ही सर्वोत्तम दर्जाची उत्पादनं ग्राहकांच्या सेवेत सादर करतो’, आणि हेच वाक्य सिमेंटच्या दुकानालाही चालतं. त्याऐवजी पानावर असं लिहिता येईल: ‘साडीचं अंग टसरचं आहे, काठ सुती आहे. काठावरचे करवतीसारखे दात विणलेले आहेत, छापलेले नाहीत. त्यासाठी तीन धोटे लागतात, काठाचे आणि अंगाचे आडवे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. रंग कोषाचा स्वतःचा आहे, म्हणून एक साडी दुसरीसारखी तंतोतंत दिसणार नाही.’ ही चार वाक्यं वाचून गिऱ्हाईक शहाणं होतं. ज्या फरकाला ते दोष समजणार होतं, तोच आता ओळखीची खूण ठरतो. तक्रार येण्याआधीच मिटते, आणि छापील काठाच्या स्वस्त नकलेशी तुलनाही थांबते.

अवघड प्रश्न टाळू नयेत. अळी मारतात का, या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की अखंड, लांब धागा हवा असेल तर पाखरू बाहेर पडण्याआधी कोष उकळावा लागतो. पाखरू बाहेर पडून भोक पडलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही, त्याचं सूत कातावं लागतं आणि ते जाडंभरडं होतं. दोन्ही प्रकार विकत असाल तर दोन्ही सांगा आणि निवड गिऱ्हाइकावर सोडा. दाव्यांच्या बाबतीतही हेच लागू. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये सुरू झालेली सिल्क मार्क ही खूण शुद्ध रेशमाची ग्वाही देते, आणि विदर्भाच्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण मानांकन मिळालं म्हणून ती खूण कुणीही आपल्या पानावर चिकटवू शकत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. सिल्क मार्कच्या खुणेसाठीही संबंधित संस्थेचं सदस्यत्व लागतं. नोंदणी असेल तर तसं ठळकपणे लिहावं. नसेल तर खूण लावू नये, साडी कशी आणि कुठे विणली ते साध्या शब्दांत सांगावं. किंमतही लिहावीच. ‘किंमतीसाठी संपर्क करा’ हे वाचून बरीच माणसं संपर्क न करता निघून जातात, कारण त्यांना वाटतं आपल्याला परवडणार नाही, किंवा घासाघीस करावी लागेल. नेमका आकडा ठरत नसेल तर इतक्यापासून इतक्यापर्यंत असं लिहावं.

लिहिताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं: नावं. शोधणारा माणूस आपले शब्द टाइप करतो, तुमचे नाही. इथला माणूस कोसा म्हणतो, सरकारी कागद टसर म्हणतो, शहरातलं दुकान तसर किंवा टस्सर लिहितं. साडीला कुणी करवत काठी म्हणतं, कुणी करवती किनार. गावाच्या नावाचीही तीच कथा. रेल्वेने येणाऱ्याला जवळचं स्थानक वडसा आहे. ते गोंदिया–नागभीड–बल्लारशा मार्गावर आहे, पण त्याच गावाला कागदोपत्री देसाईगंज म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात. आणि रोमन अक्षरांत आरमोरी लिहिलं की तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं आर्मूर त्याच्या फार जवळ जातं; शोधणाऱ्याने एखादं अक्षर चुकवलं तर तो तिकडेच पोचतो. म्हणून पानावर एक वाक्य सरळ हवं: ‘आम्ही महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत आहोत. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे वैनगंगा ओलांडून यावं लागतं. जवळचं रेल्वे स्थानक वडसा, म्हणजेच देसाईगंज.’ आणि एकदा तरी ‘कोसा, ज्याला टसर रेशीम म्हणतात’ असा उल्लेख हवा. शोधयंत्रात वर आणून देतो म्हणून पैसे मागणारे पुष्कळ भेटतील. पण छोट्या व्यवसायाला त्यातलं निम्मंअधिक फळ अशा प्रामाणिक, पूर्ण नावांनी फुकट मिळतं. तेच शब्द वीस वेळा कोंबून काही साधत नाही. वाचणाऱ्याला मात्र ते खटकतं.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत, असा प्रश्न इथं येतोच. माझं मत आधी मराठी, मग गरजेपुरतं हिंदी किंवा इंग्रजी पान. कारण भावनेचं नाही. ज्या भाषेत तुम्ही मालाबद्दल अचूक बोलता, त्याच भाषेत गिऱ्हाइकाला तुमच्यावर विश्वास बसतो, आणि अचूक मराठीचं भाषांतर कुणीही करून देऊ शकतं; पोकळ इंग्रजीचं भाषांतर करायला त्यात काही नसतंच. पण मराठी पानाच्या काही अडचणी खास आपल्या आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांतला सल्ला तिथे उपयोगी पडत नाही. पहिली अडचण टायपिंगची. छापखान्यातून किंवा डीटीपीच्या दुकानातून मजकूर अनेकदा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये येतो. तो छापल्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. वेबवर टाकली की ती खिचडीच दिसते, आणि शोधयंत्राला त्यातला कोसा कधीच सापडत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडमध्येच लिहितो, म्हणून मजकूर मोबाइलवर टाइप केला तरी चालतो. जुना मजकूर बदलून देणारी रूपांतर-साधनंही मिळतात. दुसरी अडचण, मजकुराचं चित्र करून टाकणं. सुंदर अक्षरातलं पोस्टर पानावर चिकटवलं की ते मोबाइलवर बारीक दिसतं, दृष्टिहीन माणसाच्या वाचक-साधनाला ते वाचता येत नाही आणि फोन नंबर दाबून फोनही लागत नाही. मजकूर मजकूरच ठेवावा.

तिसरी अडचण अक्षरांच्या मांडणीची. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवलं की मजकूर मोकळा होतो. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं फाकवून लिहायची फॅशन आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, म्हणून ती सोय कधीच वापरू नये. दुव्याखाली ओढलेली रेघ उकाराला छेदत नाही ना, तेही पाहावं. पानाच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. त्यामुळे ब्राउझरला आणि वाचक-साधनाला भाषा कळते, आणि ज्या फाँटांत सोय आहे तिथं श आणि ल आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता किंवा गुगलचा नोटो सॅन्स देवनागरी हे फाँट मोफत आहेत आणि मोबाइलवर स्वच्छ वाचता येतात. एका पानाला एकच फाँट पुरतो. दुसरा घ्यायचाच तर फक्त शीर्षकाला.

आता वजन. वेबसाइटला वजन असतं आणि ते बघणाऱ्याच्या डेटा पॅकमधून जातं. जंगलाच्या पट्ट्यात सिग्नल कधी चार कांड्या, कधी एक, आणि गिऱ्हाईक पुण्याचं असलं तरी तेही एसटीत किंवा गर्दीतच मोबाइल उघडतं. हिशोब सोपा आहे. आजच्या मोबाइलवर काढलेला फोटो 4 एमबीचा सहज होतो. असे दहा फोटो जसेच्या तसे पानावर टाकले की 40 एमबी. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने ते उतरायला 320 सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. तेच फोटो रुंदीला बाराशे पिक्सेलपर्यंत लहान करून प्रत्येकी 150 केबीच्या आसपास आणले तर सगळे मिळून दीड एमबी होतात आणि बारा सेकंदांत उतरतात. मजकूर तर पहिल्या सेकंदातच दिसलेला असतो. यासाठी कोडिंग लागत नाही, फोटो लहान करणारं कोणतंही मोफत ॲप पुरतं. नवशिक्याला दिला जाणारा सगळा सल्ला कमी करून एकच ठेवायचा असेल तर मी हाच ठेवीन, कारण महागड्या वेबसाइटही याच ठिकाणी फसतात. फोटो मोजके असावेत पण उपयोगाचे: सकाळच्या उजेडात, दारात किंवा अंगणात काढलेले, ट्यूबलाइटखाली नाही, कारण कोशाचा रंग हाच माल आहे आणि दिव्याच्या उजेडात तो खोटा दिसतो. एक फोटो पूर्ण साडीचा, एक काठावरच्या दातांचा जवळून, एक बोटांत धरलेल्या कापडाचा म्हणजे पोत कळेल. आपोआप सरकणाऱ्या चित्रांची पट्टी, पान उघडताच वाजणारं संगीत, फिरणारी अक्षरं यांतलं काहीही नको.

मांडणी शिकायला लांब जायची गरज नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात. वडसा हे या रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कंपन्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात, आणि या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या जाहिरातीत नाटकाचं नाव सर्वांत मोठं असतं, कारण रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेला आधी तेच लागायला हवं. मग गाव, तारीख, कलाकार. प्रेक्षक काय आधी शोधतो हे ओळखून अक्षरांचे आकार ठरलेले असतात. वेबपानाचं डिझाइन मुळात एवढंच आहे. वेबसाइट वापरायला किती सोप्या असतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत 79 टक्के लोक नवं पान उघडल्यावर त्यावरून नुसती नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे 16 टक्केच निघाले. म्हणून पानाच्या माथ्यावर, बोटाने सरकवण्याआधी दिसेल तेवढ्या जागेत, तीन गोष्टी असाव्यात: काय विकतो, कुठे आहोत, संपर्क कसा करायचा. ‘स्वागत आहे’ हे शब्द त्या जागेत नकोत, ती जागा फार मोलाची आहे. पुढचे परिच्छेद लहान, प्रत्येकाला बोलकं शीर्षक. ‘आमच्याविषयी’पेक्षा ‘साडी कोण विणतं’ हे शीर्षक जास्त सांगतं. फोन नंबर असा जोडावा की दाबताच फोन लागेल. रंगांच्या बाबतीत, फिकट करड्या अक्षरांचा मोह टाळावा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सर्वसाधारण आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान साडेचारास एक असायला हवं, आणि भर उन्हात उभं राहून मोबाइल वाचणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. पांढऱ्यावर गडद अक्षरं आणि कोशाच्या तपकिरीतला एखादा रंग एवढ्यावर पान देखणं होतं.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि इन्स्टाग्राम आहे की. हा आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. ओळखीचं गिऱ्हाईक तिथेच आहे, फोटो टाकणं सोपं आहे, पैसे लागत नाहीत. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ती जागा दुसऱ्याची आहे आणि ती कधी जाईल हे तुमच्या हातात नाही, हे गेल्या पंचवीस वर्षांनी वारंवार दाखवलं आहे. लाखो लोकांनी हौसेने पानं बांधलेलं जिओसिटीज याहूने 2009 मध्ये बंद केलं. भारतात घरोघरी पोचलेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. जून 2020 च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. आणि छोट्या दुकानदारांना सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे गुगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर मिळणारी फुकट वेबसाइट: ती सोय मार्च 2024 मध्ये थांबवली गेली. या प्रत्येक वेळी ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा पत्ता होता त्यांनी तोच पत्ता दुसऱ्या जागेकडे वळवला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना गिऱ्हाइकांना नव्याने शोधावं लागलं. शिवाय ग्रुपमधली पोस्ट आठवड्याभरात खाली जाते. साडी कशी धुवायची हे पन्नास वेळा पन्नास जणांना सांगण्यापेक्षा एकदा पानावर लिहून त्याचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात: गप्पा तिथे, कायमचं उत्तर इथे. गुगलच्या नकाशावर दुकानाची मोफत नोंदही करावीच. फक्त तिच्यात वेबसाइटच्या रकान्यात आपला स्वतःचा पत्ता भरावा.

हा पत्ता, म्हणजे डोमेन, हीच एक गोष्ट विकत घ्यायची आहे. बाकी जागा मोफतही मिळते: गुगल साइट्सला स्वतःचं डोमेन जोडता येतं. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर खर्च येतो. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी महाग अशा योजना असतात, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत डॉट भारत असाही पत्ता घेता येतो. तो सुंदर दिसतो, पण सगळ्या ठिकाणी तितक्याच सहजपणे स्वीकारला जात नाही, म्हणून सध्या तो सोबतीला घ्यावा, एकटा नको. नाव लहान असावं, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता यावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोमेन गटाच्या किंवा मालकाच्या नावावर, त्यांच्याच ईमेल आणि मोबाइल नंबरवर नोंदलेलं असावं. वेबसाइट करून देणारा मुलगा चांगल्या मनाने ते स्वतःच्या खात्यावर घेतो, मग नोकरीसाठी हैदराबादला जातो, आणि वर्षाने नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडते. पासवर्ड, नोंदणीची तारीख, नूतनीकरणाची तारीख हे गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावं, आणि वही पाहण्याचा हक्क निदान दोघांना असावा. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणीची खूण आहे का तेही पाहावं. ती नसेल तर जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर ते पान असुरक्षित असल्याचं दाखवतो. चांगल्या सेवांत ही सोय मोफत असते, तिचे वेगळे पैसे मागितले तर दुसरी सेवा शोधावी.

दुसरा आक्षेप असा की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की पाच मिनिटांत वेबसाइट तयार होते, मग शिकायचं कशाला. पान तयार होतं हे खरं आहे, आणि शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी भाषांतर करायला, मांडणीचा कच्चा आराखडा करायला ते साधन जरूर वापरावं. पण त्याला तुमच्या गटात किती माग चालतात हे माहीत नाही, यंदा कोषांचं पीक कसं आलं हे माहीत नाही, तुमची साडी कोणत्या पाण्यात कशी धुवायची हे माहीत नाही. माहिती दिली नाही तर ते सफाईदार भाषेत काहीतरी भरून काढतं, आणि पानावर तुमच्या नावाने खोटं जातं. वहीतल्या प्रश्नोत्तरांचं पान आधी तयार असेल तरच ते साधन कामाचं.

वेबसाइटने विक्री वाढेल का, हा तिसरा आणि सर्वांत रास्त प्रश्न. ती आपोआप वाढत नाही. नुसतं पान टाकून कुणी येत नाही. साडीबरोबर दिलेल्या चिठ्ठीवर, पिशवीवर, प्रदर्शनातल्या फलकावर पत्ता छापला तर माणसं येतात. पण एक गोष्ट वेबसाइट नक्की करते. नागपूरच्या प्रदर्शनात साडी पाहून न घेता गेलेली बाई आठ दिवसांनी आठवण काढते तेव्हा ती तुम्हाला पुन्हा शोधू शकते. मोठी मागणी देणारा दुकानदार, एखादी संस्था, एखादा पत्रकार फोन करण्याआधी तुम्ही खरोखर आहात का हे पाहतो. तिथे एक स्वच्छ पान मधल्या माणसाची गरज थोडी कमी करतं. हे लहान काम आहे, पण कोशाच्या धंद्यात मधल्यांच्या हाती जाणारा वाटा पाहिला तर ते लहान राहत नाही.

पानावर काय टाकू नये हेही सांगायला हवं. विणकर बायांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय टाकू नयेत आणि त्यांचे खासगी मोबाइल नंबर तर नाहीतच. संपर्कासाठी गटाचा एक वेगळा नंबर घ्यावा. आधार कार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती ‘विश्वास बसावा’ म्हणून लावल्या जातात, त्या ताबडतोब काढाव्यात. गिऱ्हाइकाकडून जन्मतारीख, पूर्ण पत्ता अशी माहिती फॉर्ममध्ये उगाच मागू नये. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती घेणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, आणि जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही. ऑनलाइन पैसे भरण्याची यंत्रणाही पहिल्या वर्षी नको. फोनवर बोलून, साडीचा फोटो पाठवून व्यवहार करावा. महिन्याला येणाऱ्या मागण्या वहीत मावेनाशा झाल्या की तेव्हा पाहता येईल.

राहिली देखभाल. कोसा हे रानातलं पीक आहे, वर्षभर सारखं मिळत नाही, तेव्हा पानानेही पिकाबरोबर बदललं पाहिजे. महिन्यातून एकदा कुणीतरी मोबाइलवर पान उघडावं, फोन नंबर दाबून पाहावा, किंमती आणि शिल्लक तपासावी, आणि खाली तारीख बदलावी. वर्षभरापूर्वीची तारीख असलेलं पान दुकानाला कुलूप लागल्यासारखं दिसतं. माल नसेल तर तेही लिहावं, लपवू नये. मे महिन्यात पानाच्या माथ्यावर एवढीच ओळ पुरे: ‘यंदाचा कोसा संपला. पुढचं पीक पावसाळ्यानंतर येईल. साडीसाठी नाव नोंदवायचं असेल तर या नंबरवर कळवा, धागा हाती आला की आम्हीच फोन करू.’